पान उलटून पाहिलं का?

पोळ्याच्या आठवडाभर आधी बाबांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. संत्र्याची फांदी होती आणि तिच्यावरचं एकूण एक पान काळं होतं. चुलीवरच्या भांड्याच्या बुडाला धरते तशी काजळी. खाली दहा सेकंदांचा आवाज : "बाबू, पाह्य बरं हे. अर्धा बगीचा असा झाला. का मारू, सांग."

आमचा बगीचा आर्वीपासून थोडा पुढे, वर्धा नदीच्या अलीकडच्या अंगाला आहे. नदीपलीकडे अमरावती जिल्हा लागतो. तिथल्या वरुड-मोर्शीला वर्तमानपत्रं कौतुकानं 'विदर्भाचं कॅलिफोर्निया' म्हणतात. आर्वी, आष्टी, कारंजा या अलीकडच्या तालुक्यांतही संत्रा आहेच, कौतुकाचं नाव तेवढं पलीकडे गेलं. झाडं आजोबांनी लावली. ते होते तोवर बाबांनी शाळेत शिकवलं आणि रविवारी वावरात चक्कर मारली. आजोबा गेले, बाबा निवृत्त झाले आणि साठीत शेतकरी झाले. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. ज्याला कॉम्प्युटर येतो त्याला सगळं येतं, असं बाबांना अजूनही वाटतं. मीही तो समज दूर करायच्या फंदात कधी पडलो नाही.

तो फोटो मी एका फोटो ओळखणाऱ्या ॲपला दिला. तीन सेकंदांत उत्तर आलं : पानावर वाढणारी काळी बुरशी. खात्रीची टक्केवारीही भरघोस होती. बाबांना सांगितलं, बुरशीनाशक मारा. त्यांनी मारलं. पंधरा दिवसांनी परत मारलं. दिवाळीच्या तोंडावर आंबिया बहाराची फळं रंगावर आली, तेव्हा काजळी फळांवरही उतरली होती. ज्या व्यापाऱ्यानं बगीचा ठोक घ्यायचं कबूल केलं होतं, तो एक चक्कर मारून गेला आणि पुन्हा फोन उचलेना. शेवटी माल दुसऱ्याला मिळेल त्या भावात गेला. बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

गंमत अशी की ॲपचं उत्तर चूक नव्हतं. ती बुरशीच होती. फक्त ती पोटात शिरलेला रोग नव्हती, पानावर सांडलेल्या गोड पाण्यावर वाढलेला मळ होती. ते पाणी कोण सांडत होतं, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

*

दिवाळीत घरी गेलो तेव्हा शेजारच्या वावरातले काकाजी धुऱ्यावर भेटले. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माझी सगळी कहाणी त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, मग विचारलं, "पान उलटून पाह्यलं का गा?"

नव्हतं पाहिलं. बाबांनी फोटो वरून काढला होता, ॲपनं वरून पाहिला, मीही वरूनच.

पान उलटलं तर खाली वेगळंच गाव वसलेलं. चकचकीत काळे, लंबगोल ठिपके, प्रत्येकाच्या कडेला बारीक पांढरी किनार. बोटानं चोळले तर खरखरीत लागत होते. मोबाइलला लावायचं छोटं भिंग मी सोबत नेलं होतं. त्यातून दिसलं की त्या ठिपक्यांच्या पाठीवर काटे आहेत, साळिंदरासारखे. दुसऱ्या, कोवळ्या पानावर अंडी होती. ती कशीही टाकलेली नव्हती. एका बिंदूपासून सुरू होऊन बाहेर फिरत गेलेल्या वेटोळ्यात, आईनं त्याच सकाळी तळलेल्या चकलीसारखी, अगदी नेमानं मांडलेली. एकदोन प्रौढ कीटकही बसलेले होते. लांबी जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर, डोकं विटकरी, पंख पाटीसारखे निळसर काळे आणि पंख मिटल्यावर मधोमध जुळणारा पांढरा पट्टा. फांदी हलवली की उडायचे आणि परत पानाखाली जाऊन बसायचे.

"हे काळी माशी," काकाजी म्हणाले. "हिच्याच पायी कोळशी."

कोळशी हा शब्द मला लहानपणापासून माहीत होता. कोळशासारखं काळं पडतं म्हणून कोळशी, इतका सरळ. पण त्या नावानं वरचा परिणाम सांगितला जातो आणि खालचं कारण झाकलं जातं. ही काळी माशी पानाच्या नसांतला रस पिते. रसात साखर भरपूर आणि तिला लागणारे बाकीचे घटक थोडे, म्हणून ती पुष्कळ रस ओढते आणि नको असलेली साखर चिकट थेंबांच्या रूपानं टाकून देते. तो चिकटा खालच्या पानांवर, फळांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. पानाला ऊन मिळेनासं होतं, झाड थकतं, पुढचा बहार कमी फुटतो. बुरशीनाशक मारणं म्हणजे गळक्या छपराखालची जमीन पुसत बसणं.

*

पुण्याला परतताना एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. त्या माशीला चार पंख होते.

शाळेत शिकलो होतो की खऱ्या माश्यांना दोनच पंख असतात. मागच्या जोडीच्या जागी बारीक दांडीवर गोळी बसवल्यासारखे दोन अवयव उरतात, ते उडताना तोल सांभाळतात. घरमाशी, डास, फळमाशी हे सगळे त्या द्विपंखी कुळातले. काळी माशी त्यात बसत नाही, आणि तिची प्रसिद्ध बहीण पांढरी माशी, जिला कपाशीवाले चांगलं ओळखतात, तीही बसत नाही. या दोघी मावा आणि तुडतुड्यांच्या नात्यातल्या, सोंडेनं रस पिणाऱ्या. मराठीत आपण उडणाऱ्या बारीक जिवाला माशी म्हणून मोकळे होतो : मधमाशी, गांधीलमाशी, काळी माशी. इंग्रजीही त्याबाबत फार वेगळी नाही.

नाव देताना घोळ झाला तो फक्त आमच्या घरी नाही, हे वाचून मला जरा धीर आला. १७५८ साली लिनिअसनं सगळ्या प्राण्यांची शास्त्रीय नावं लावायला घेतली, तेव्हा युरोपातल्या कोबीवरची पांढरी माशी त्याच्यापुढे आली. चार पांढरे पंख, त्यांवर पिठासारखी भुकटी. त्यानं तिला पतंगांमध्ये टाकलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या लात्रेयनं तिला तिथून बाहेर काढून नवं घर दिलं. त्यानं दिलेलं नाव ग्रीक भाषेतल्या 'पीठ' या शब्दावरून आलं. ती भुकटी पतंगाच्या पंखावरचे खवले नसून अंगातून पाझरणारं मेण आहे. लिनिअसनं पंखांचा रंग पाहिला. तोंडाकडे पाहिलं असतं तर सोंड दिसली असती.

पुढची अडचण मोठी होती. पांढऱ्या माश्यांच्या शेकडो जाती आहेत आणि प्रौढ माश्या एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की पंखांवरून बहुतेकींचा पत्ता लागत नाही. शेवटी अभ्यासकांनी उडणाऱ्या माशीचा नाद सोडला आणि ती उडून गेल्यावर पानावर जी कात उरते, तिच्यावर सगळं वर्गीकरण उभं केलं. माशीची पिल्लं पहिल्या अवस्थेत थोडं चालतात, एक जागा धरतात आणि तिथेच चिकटतात. शेवटच्या अवस्थेत ती कोशासारखी होतात. त्या कातीवरचे काटे किती आणि कुठे, कडेला दाते कसे, पाठीवरचं गुदछिद्राचं खोलगट तोंड कोणत्या आकाराचं, यांवरून जात ठरते.

या पद्धतीचा एक व्यावहारिक फायदाही होता. वाळलेलं पान पाकिटात घालून टपालानं कुठेही पाठवता येतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूझीलंडमध्ये मॅस्केल नावाचा अभ्यासक अशी पानं तपासत बसलेला असे. १८९६ साली त्यानं हिंदुस्थानातल्या उसावरच्या एका माशीचं वर्णन केलं आणि तिच्या नावात बडोदा घातलं : बारोडेन्सिस. गायकवाडांच्या राज्यातल्या उसाच्या पानाला नाव मिळालं न्यूझीलंडमध्ये, तेही मालकीण उडून गेल्यावर उरलेल्या सालावरून.

*

आमच्या काळ्या माशीच्या नावाची गोष्ट याहून लांबची आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लोरिडातले संत्राबागाईतदार पांढऱ्या माशीनं हैराण होते. त्यांच्याकडेही तीच काजळी, तोच चिकटा. ही माशी आशियातून आलेली असणार आणि आशियात तिचे शत्रूही असणार, असा कयास करून अमेरिकी कृषी खात्यानं १९१० मध्ये रसेल सेज वोग्लम या कीटकतज्ज्ञाला पूर्वेकडे पाठवलं. त्या काळच्या प्रवासाच्या साधनांनी हा माणूस लिंबूवर्गीय झाडांची पानं उलटत हिंडला. सहारनपूरला त्याला पांढऱ्या माशीची अंडी-पिल्लं खाणारा एक भुंगेरा सापडला. लाहोरला त्याहून मोलाची गोष्ट मिळाली : पांढऱ्या माशीच्या पिल्लाच्या अंगात आपलं अंडं घालणारी, नुसत्या डोळ्याला धुळीच्या कणासारखी दिसणारी एक गांधीलमाशी. तिचं नाव पडलं लाहोरेन्सिस. वोग्लमनं कीड लागलेली जिवंत रोपं काचेच्या पेट्यांत घालून बोटीनं अमेरिकेला नेली. १९११ च्या अखेरीस पेट्या फ्लोरिडात पोचल्या. पण हिवाळा लागला होता आणि पांढरी माशी त्या पाहुण्यांना हव्या त्या अवस्थेत नव्हती. सगळे मेले.

वोग्लमनं आशियातून गोळा केलेल्या नमुन्यांत आणखी एक कीटक होता, काळा आणि काटेरी. तेव्हा त्याच्याकडे कुणी विशेष लक्ष दिलं नाही. इथे तो एक साधा रहिवासी होता. १९१३ साली तोच कीटक जमैकात लिंबूवर्गीय झाडांवर दिसला आणि तिथे मात्र त्यानं धुमाकूळ घातला. १९१५ मध्ये ॲशबी या तिथल्या शास्त्रज्ञानं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला वोग्लमचं नाव मिळालं : ॲल्युरोकँथस वोग्लुमी. पहिला शब्द 'पीठ' आणि 'काटा' यांपासून झालेला. आमच्या वावरातल्या पानाखाली ज्याला बोट लावलं, त्याचं पूर्ण नाव असं : वोग्लमचा पिठाळ काटेरी कीटक. घर आशियात, नामकरण जमैकात, नाव एका अमेरिकनाचं. हाच वोग्लम पुढे कॅलिफोर्नियात, म्हणजे खऱ्याखुऱ्या कॅलिफोर्नियात, संत्राबागाईतदारांच्या संस्थेत कीटकतज्ज्ञ म्हणून राहिला. मोर्शीच्या लोकांना हे सांगायला हवं.

जमैकाहून ही माशी क्युबात गेली, मग पनामात, आणि १९३५ मध्ये मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडली. क्युबावर तोडगा निघाला तो मलायातून. इटलीच्या सिल्व्हेस्त्रीनं १९२० च्या दशकात पूर्वेकडच्या देशांत फिरून या माश्यांवर जगणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्यांची वर्णनं केली होती. त्यांतली एक जात क्लॉसेन या अमेरिकी तज्ज्ञानं १९३० मध्ये क्युबात नेऊन सोडली आणि थोड्याच काळात काळी माशी आटोक्यात आली. तीच जात मेक्सिकोत सोडली तर तिचं काही चालेना. मलायाची दमट हवा तिच्या अंगवळणी पडलेली, आणि मेक्सिकोचा तो भाग कोरडा, कडक उन्हाचा.

मग कोरड्या, उन्हाळ्या-हिवाळ्याच्या मुलुखात शोध घ्यायचा ठरला. १९४८ ते १९५० या काळात एच. डी. स्मिथ हा तज्ज्ञ भारतात आणि पाकिस्तानात फिरला. नुकतीच फाळणी झालेली. वोग्लम सहारनपूरहून लाहोरला गेला तेव्हा मध्ये सीमा नव्हती, स्मिथच्या वेळी होती. गांधीलमाश्यांना त्याचं काही नव्हतं. स्मिथनं इथून पाठवलेल्या जातींपैकी तीन मेक्सिकोत रुजल्या आणि त्यांनी बागा वाचवल्या. त्यांतल्या दोन पुढे १९७६ मध्ये फ्लोरिडात काळी माशी पसरली तेव्हा तिथेही नेल्या गेल्या आणि तिथेही कामी आल्या. लाहोरच्या गांधीलमाशीलाही त्याच दशकात अखेर फ्लोरिडात घर मिळालं, वोग्लमच्या पेट्यांनंतर सहासष्ट वर्षांनी.

*

हे सगळं मी दोन महिने रात्री जागून वाचलं. वाचताना अभिमान वाटायच्या आधी एक साधा प्रश्न सतावत होता. आपल्याकडच्या गांधीलमाश्यांनी मेक्सिको वाचवला, तर आर्वीतल्या आमच्या चारशे झाडांना काय झालं?

त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, पण काही भाग मला आमच्याच बगीच्यात दिसला. आजोबांनी झाडं जवळजवळ लावलेली, बाबांनी छाटणी केलीच नव्हती. फांद्या एकमेकींत घुसल्या होत्या आणि आत वारा-ऊन नव्हतं. पाणी साचत होतं. युरिया सढळ हातानं पडत होता, त्यामुळे नवती लुसलुशीत. काळ्या माशीला हे सगळं मानवतं. तिच्या पिढ्याच मुळी नवतीच्या तालावर चालतात. विदर्भात तिची संख्या वर्षातून तीनदा फुगते : आंबियाच्या नवतीबरोबर मार्च-एप्रिलमध्ये, मृगाच्या वेळी जुलै-ऑगस्टमध्ये आणि हस्ताच्या नवतीबरोबर डिसेंबरच्या सुमारास. म्हणजे बाबांचा पोळ्याआधीचा फोटो अगदी वेळापत्रकाप्रमाणे आला होता. आणि मधूनमधून 'काहीतरी मारायला हवं' म्हणून जे कीटकनाशक मारलं जात होतं, ते कोशाच्या कडक कवचावर फारसं चालत नाही, उघड्यावर फिरणाऱ्या गांधीलमाशीला मात्र हमखास मारतं.

नागपूरला १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. फवारणी करायचीच तर अंडी निम्मी फुटल्यावर, पिल्लं कोवळी असताना, आणि पानाच्या खालच्या बाजूनं करावी, झाडांची गर्दी कमी करावी, असं तज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. हे काकाजींना माहीत होतं. बाबांनी त्यांना विचारलं नाही, कारण मुलगा इंजिनिअर होता. मी त्यांना विचारलं नाही, कारण माझ्याकडे ॲप होतं.

माझ्या धंद्यात एक गोष्ट नवशिक्यालाही शिकवतात : प्रोग्रामला जे दाखवलं त्याच्यापलीकडचं तो सांगू शकत नाही. फोटो वरून काढलेला असेल तर उत्तरही वरचंच येणार. हे मी चारचौघांना समजावलेलं आहे. बाबांच्या फोटोच्या वेळी ते आठवलं नाही.

*

डिसेंबरच्या सुरुवातीला चार दिवस रजा काढून परत गेलो. या वेळी बाबांना भिंग दिलं आणि एक खूण दाखवली, जी मला वाचनात मिळाली होती. काळी माशी कोशातून बाहेर पडते तेव्हा कात पाठीवर इंग्रजी 'टी' अक्षरासारखी उकलते. पण कोशाच्या आत गांधीलमाशी वाढली असेल तर ती कुरतडून बाहेर येते आणि मागे एक वाटोळं भोक ठेवते. म्हणजे पान उलटून नुसती भोकं मोजली तरी कळतं की आत कोण जिंकलं.

पहिल्या झाडावर सगळ्या काती 'टी'च्या. दुसऱ्यावरही. बांधाकडच्या कोपऱ्यात तीन झाडं होती, तिथवर पंपाची नळी पोचत नाही म्हणून बाबांनी ती कधी फवारलीच नव्हती. तिथल्या पानांवर गोल भोकं सापडली. फार नाहीत, पण प्रत्येक पानावर दोन-चार होतीच. बाबा बराच वेळ खाली वाकून भिंगातून पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे हे इथंच होते. आपुनच मारून राह्यलो होतो."

त्या चार दिवसांत आम्ही दाट फांद्या छाटल्या, पाणी निघायला चारी काढली आणि डिसेंबरच्या पिढीसाठी फवारणीचं ठरवलं ते अंडी मोजून, तेही कोपऱ्यातली ती तीन झाडं सोडून. पुढच्या बहाराला काय होईल ते आत्ता सांगता येत नाही. गेलेल्या बहाराचे पैसे परत यायचे नाहीत. त्याबद्दल मी बाबांना एका रात्री अंगणात बसून सॉरी म्हणालो. ते म्हणाले, "शाळेत पोट्टे उत्तर चुकले तं मी प्रश्न पुन्हा वाचाले लावो."

पुण्याला आलो त्याला पंधरा दिवस झाले. काल सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. या वेळी पान उलटं होतं, वहीच्या कागदावर टेप लावून चिकटवलेलं, आणि मास्तरांच्या सवयीप्रमाणे लाल पेनानं तीन ठिकाणी वर्तुळं केलेली. खाली आवाज : "हे भोक गोल हाय का टी, सांग. मले गोल वाटते."

मी फोटो मोठा करून पाहिला. गोल होतं.